रोझमेरीला पाणी

रोझमेरीला पाणी सोसत नाही. गोष्ट एवढीच. पण ज्या घरात ती कुणाच्या गळी उतरणार नव्हती, नेमकी त्याच घरात रोझमेरी लावली गेली.

यवतहून भीमेच्या अंगाला निघालं की कालव्याच्या दोन्ही बाजूंना वस्त्या लागतात. तिथल्या कुणालाही विचारा, पिकाला काय लागतं? खताचं, औषधाचं नाव तो नंतर घेईल, आधी पाणी म्हणेल. ऊस असो, शेवंती असो, नाहीतर दोन वाफे कोथिंबीर असो, पानानं जरा मान टाकली की ह्या लोकांचा हात आपोआप पाण्याच्या कॉककडे जातो. पोरगं रडायला लागलं तर आधी तांब्या त्याच्या तोंडाला लावतात आणि मग विचारतात, काय झालं रं? वाईट नाहीत माणसं. पाण्यावर वाढलेली आहेत, एवढंच.

आणि त्यातून घर होतं मारुतरावांचं. मारुतराव पाणी वापर संस्थेचे चेअरमन. खुर्ची सोडून बरीच वर्षं झाली, तरी गावात नुसतं 'चेअरमन' म्हटलं की अजून त्यांचाच चेहरा समोर येतो. कालव्याच्या तोंडाशी ज्यांची रानं ते पोटभर पितात आणि शेवटाला ज्यांची ते हात चोळत बसतात, ही रीत सगळीकडचीच. शेवटाच्या रानांना तिकडे टेल म्हणतात. मारुतरावांनी ही रीत उलटी केली. पाणी आधी टेलला, मग वर. त्यांचं स्वतःचं रान कालव्याच्या तोंडाशी, तरी त्यांचा ऊस सगळ्यात शेवटी भिजायचा. भाऊबंदांनी शिव्या घातल्या, एकदा कुणीतरी त्यांची मोटारसायकल ओढ्यात ढकलली, पण गडी हलला नाही.

त्यांचा दुसरा नियम असा की ज्याची पाळी त्यानं बांधावर हजर राहायचं. जेवायला उठला, पाळी गेली, पाणी पुढच्याला. त्यांची बायको सरूबाई दौंडच्या दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा ते पाळी सोडून तिकडे धावले. परत आल्यावर आपलं पाणी त्यांनी आपल्याच हातानं पुढच्या माणसाच्या रानात फिरवलं. कांदा उभा वाळून गेला. लोक म्हणाले, अहो, अशा वेळी कोण नियम बघतंय? तर हे म्हणाले, "नियम काय सवडीचा असतो व्हय?"

अशा माणसाची सून सुलक्षणा. तिचं माहेर कारेगावचं. बापाची जमीन कंपन्यांच्या पोटात गेली, भाऊ आता कामगारांना खोल्या भाड्यानं देतात आणि मजेत आहेत. सुलक्षणाला मात्र माहेरी गेलं की पाय कुठे ठेवावा कळत नाही. जिथे तिचं बोरीचं झाड होतं तिथे ट्रक उभे असतात. सासरी रान भरपूर, पण ते आबांचं, म्हणजे मारुतरावांचं, आणि त्यांच्यामागे तिच्या नवऱ्याचं, ईश्वरचं. ती त्यात खुरपायची, शेवंती तोडायची, बायांना चहा न्यायची. संध्याकाळी पदराला जेवढी माती लागायची, तेवढंच काय ते तिचं रान.

रोझमेरी घरात आणली तिच्या लेकीनं. अक्षदा पुण्यात हॉटेलचं शिक्षण घेते. एका सुट्टीत ती ओल्या फडक्यात गुंडाळलेली काडी घेऊन आली. सुईसारखी पानं, वरून हिरवीगार, खालून राखेच्या रंगाची. अक्षदानं बटाटे उकडले, लसूण आणि ती पानं तेलात परतून बटाट्यावर घातली आणि सगळ्यांना वाढलं. ईश्वरनं पहिला घास घेतला आणि ताट लांब केलं. "बाम सांडला का गं ह्यात?"

आबा मात्र दुसऱ्यांदा मागून जेवले. म्हणाले, "देवळात बसून जेवल्यावानी वाटतंय."

उरलेली काडी सुलक्षणानं फुटक्या बादलीत मुरूम भरून खोवली. ती लागली. त्या काडीच्या चार काड्या केल्या, त्याही लागल्या. यवतहून पुण्याच्या हॉटेलांना पिकअपनं भाजी पोचवणारा पोपट एकदा दारात आला आणि बादलीपाशीच थांबला. "वहिनी, हॉटेलवाली हिच्यासाठी माझा जीव खात्यात. लावा की जरा जास्त."

घरामागे एक मुरमाड पट्टी पडून होती. उसानं तिथे कधी अंग धरलं नव्हतं. सुलक्षणानं ती मागितली तेव्हा ईश्वर हसला, पण आबा तेव्हा पूर्ण भानावर होते. ते म्हणाले, "दे तिला. त्या रानानं आजवर माझं ऐकलं न्हाई. तिचं ऐकतंय का बघू." मग त्यांनी सुनेला जवळ बोलावलं आणि विचारलं, "पाणी किती लागतंय हिला?"

"लागतच न्हाई, आबा. ठिबकनं जरा जीभ वली केली की झालं. जास्ती दिलं तर मरतीया."

"मंग जगती कशावर?"

"वाऱ्यावर."

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "पाण्याबिगार पीक! म्हंजी माझी सगळी चेअरमनकी फुकाट गेली म्हन की!" पण त्यांना त्याचं भारी अप्रूप वाटलं. कुणी पाव्हणा आला की ते त्याला धरून पट्टीकडे न्यायचे आणि सांगायचे, आमच्या सूनबाईचं रान बघा, ह्याला पाणी चालत न्हाई. जणू काही त्या रोपांनी फारच मोठा स्वार्थत्याग केला होता.

सुलक्षणाचं रान. आधी आबा म्हणाले, मग पोपट म्हणाला, मग सगळी वस्ती म्हणायला लागली. त्यातून मधेच कुठूनतरी मोबाइलवर आलं की रोझमेरीच्या पाण्यानं केस वाढतात. झालं! शेजारची अनसाबाई, जिचा अंबाडा आता सुपारीएवढा उरला होता, ती रोज सकाळी मूठभर पानं न्यायला हजर. सुलक्षणा कुणाला नाही म्हणायची नाही. तिला आवडायचं ते. लोक तिच्या बांधावर येऊन तिला विचारून पान तोडत होते. इतक्या वर्षांत तिला विचारून कुणी काही केलंच नव्हतं.

त्यानंतर आबांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग औषधाच्या गोळ्या, मग जेवलो की नाही ते. एकदा त्यांनी ओसरीवरून हाक मारली, "सरू, तांब्या आण गं," आणि घरात सगळ्यांच्या हातातली कामं तशीच राहिली. दौंडच्या डॉक्टरनं तपासलं आणि सांगितलं, हे आता असंच वाढत जाणार, सांभाळा. सांभाळा म्हणायला त्याचं काय जातंय! हळूहळू नावं गेली, नाती गेली. ईश्वरला ते कधी स्वतःचा भाऊ समजायचे, कधी पाटकरी समजून पाण्याचा हिशेब विचारायचे. सगळं गेलं आणि पाणी तेवढं राहिलं.

फाल्गुन सरताना रोझमेरीनं माना टाकायला सुरुवात केली. शेंडे लोंबले, खालची पानं पिवळी पडून मग काळी झाली. सुलक्षणाला चांगलं ठाऊक होतं की हिला पाणी चालत नाही. पण ऊन तापलेलं, शेंडे लोंबलेले, आणि रक्त शेवटी ह्याच मुलखाचं. तिनं ठिबक जरा जास्त वेळ चालू ठेवलं. रोपं आणखी लोंबली, तिनं आणखी सोडलं. आता तिला तरी काय म्हणावं? तहानेनं मान टाकलेलं झाड आणि बुडून मान टाकलेलं झाड वरून सारखंच दिसतं, आणि कालव्याकाठच्या माणसाला त्यातलं पहिलंच सुचतं.

पोपटनं एक रोप उपटलं तेव्हा खरं काय ते बाहेर आलं. मुळ्या काळ्याठिक्कर. त्यानं बोटानं चोळल्या तर साल हातात आली आणि गटारासारखा वास सुटला.

"वहिनी, ही वाळली न्हाई, बुडाली. पाणी किती सोडता?"

"ठिबकचं. तेवढंच."

पोपटनं सरीत पाय दाबला. चपलेभोवती पाणी वर आलं. "ह्ये ठिबकचं हाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती गोठ्यात शेण भरत होती तेव्हा तिला आबा दिसले. धोतर वर खोचलेलं, खांद्यावर फावडं. पट्टीच्या डोक्याशी जुन्या पाइपलाइनचा कॉक होता, जो तिनं रोपं लागल्यापासून उघडलाच नव्हता. आबांनी तो सवयीच्या हातानं फिरवला. पाणी भसाभस सरीत पडलं. आबा सरीसरीनं दारं मोडत, दारं धरत, म्हणजे मातीनं पाण्याची तोंडं उघडत-बुजवत पुढे चालले, आणि त्यांचा चेहरा बघून सुलक्षणा पाटी घेऊन तशीच उभी राहिली. घरात बसून बसून त्या माणसाचं तोंड मेणासारखं झालं होतं. इथे ते चेअरमन होते.

"आबा," ती धावत गेली, "आबा, नका सोडू. ही रोजमेरी हाय. मरतीया ती पाण्यानं."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, "टेलला पाणीच पोचलं न्हाई गं. बघ की, मुरूम कसा तडकलाय. वरचे सगळं पिऊन बसत्यात, आन् हितं कुणाचं ध्यान न्हाई."

ती पट्टी त्यांच्या सगळ्या रानाच्या शेवटाला होती. त्यांच्या डोळ्यांना ती अजून कोरडी, तडकलेली, आणि शेवटाची. त्या जागेनं त्यांना बोलावलं नसतं तरच नवल.

मग उपाय सुरू झाले. सांगून पाहिलं. आबा शहाण्या पोरासारखं ऐकायचे, बरोबर हाय म्हणायचे, आणि चहा पिऊन कॉककडे चालू लागायचे. सुट्टीला आलेल्या अक्षदानं मोठ्या अक्षरात पाटी लिहून लावली, पाणी सोडू नये. आबांनी ती मोठ्यानं वाचली, "शाब्बास, शिस्त पायजेच" असं म्हणाले आणि पाणी सोडलं. ईश्वरनं कॉकचा दांडा काढून ठेवला, तर म्हातारा पक्कड घेऊन बसला. अनसाबाई म्हणाली, "खाटंला बांधून ठिवा की जरा वेळ. आमच्या सासऱ्याला न्हवता का बांधला?" सुलक्षणानं त्या दिवशी तिला पानं तोडू दिली नाहीत.

शेवटी एक दिवस ईश्वरनं बाहेरून गेट लावून घेतलं. आबा आतून गेटवर मुठी आपटत राहिले. रस्त्यानं जाणाऱ्या माणसांना हात जोडून सांगत राहिले, "मला डांबून ठिवलंय वो. टेलला पाणी जायाचंय. कुणीतरी सोडा." ज्यांच्या रानाला ह्या माणसानं पाणी दिलं होतं तीच माणसं मान खाली घालून पुढे जात होती. दोन्ही मुठींची सालपटं निघून रक्त आलं तेव्हा सुलक्षणानं गेट उघडलं.  ईश्वर घरात गेला आणि बापाच्या हाताला लावायला हळद घेऊन आला.

अर्धी पट्टी तोवर गेली होती. उरलेली वाचवायची म्हणून ईश्वरनंच शक्कल काढली. त्यानं ह्या पाइपलाइनला पाणी देणाऱ्या वरच्या हौदापाशी, झुडपाच्या आड, आणखी एक कॉक बसवला आणि तो बंद करून टाकला. पट्टीवरचा कॉक जागच्या जागी राहिला, फिरवला तर फिरायचा, फक्त त्यातून काही येणार नव्हतं. "फिरवू दे म्हाताऱ्याला किती फिरवायचाय तेवढा," तो म्हणाला. "त्यांचं बी समाधान, आन् तुझं रान बी वाचंल." सुलक्षणाला ते पटलं. इतकी साधी गोष्ट आधी का सुचली नाही म्हणून तिनं कपाळाला हातही लावला.

आबांनी सकाळी कॉक फिरवला. कान लावून ऐकलं. मग फावडं मांडीवर घेऊन बांधावर बसले.

"येतंय," ते म्हणाले. "कालव्याचं रोटेशन सुटलंय. टेलला यायला येळ लागतो."

दुपार झाली, आबा तिथेच. सुलक्षणा बोलवायला गेली, तर ते म्हणाले, पाळी आपली हाय, उठून कसं चालंल? उठलो आन् पाणी आलं तर पुढं जाईल. संध्याकाळी ईश्वरनं त्यांना जवळजवळ उचलून आणलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा. चैत्राचं ऊन डोक्यावर, बाभळीची सावली हाकेच्या अंतरावर, पण ती बांधाच्या पलीकडे. आबा तिच्यात जायला तयार नाहीत. छत्री धरली तर ती बाजूला करून पाइपाच्या तोंडाकडे बघायचे. डबा नेला तर झाकण न काढता परत. घरी आणल्यावरही धड जेवत नव्हते, भिंतीकडे तोंड करून म्हणत राहायचे, पाळी गेली, पाळी गेली.

आणि रोझमेरी सावरायला लागली. दोष कुणाला द्यायचा? मुरूम सुकला, वाचलेल्या रोपांनी शेंडे वर केले, पोपटनं बोटानं एक फांदी उचलून दाखवली तर सांध्यासांध्यातून पोपटी फुटवा आला होता. "वाचली बघा, वहिनी. आता फकस्त पाणी दाखवू नका हिला. एकदा जरी तुंबलं ना, तर ही बी गेली म्हनून समजा." सुलक्षणानं हो म्हटलं. तिकडे बांधावर आबा बसले होते. त्यांच्या गळ्याची हाडं वर आली होती, सदरा खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लोंबत होता. फुटवा बघून तिला आनंद झाला, आणि झालेल्या आनंदाची तिला इतकी लाज वाटली की पोपट काय सांगतोय ते पुढचं तिला ऐकूच आलं नाही.

त्या दिवशी ईश्वर ट्रॅक्टरच्या कामाला शिक्रापूरला गेला होता. सुलक्षणा दुपारची भाकरी आणि पाण्याचा तांब्या घेऊन बांधावर गेली. आबांचे ओठ फुटले होते. तिनं तांब्या त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घेतला, वाकले, आणि त्यातलं सगळं पाणी जवळच्या रोपाच्या बुडाशी हळूहळू ओतून रिकामा तांब्या तिला परत दिला.

"आबा, असं काय करताय वो," तिला रडू आलं. "तुम्ही प्या की जरा."

आबा तिच्याकडे बघत राहिले. मग पदर डोक्यावर घेतलेल्या अनोळखी बाईशी बोलावं तसं अदबीनं त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही कुनाच्या? हे रान तुमचं हाय का?"

सुलक्षणानं डोळे पुसले. "व्हय," ती म्हणाली. "माझं हाय."

आबांनी फावडं खाली ठेवलं आणि हात जोडले. "मंग तुमचा गुन्हेगार मी हाय. चेअरमन म्हनून मिरवलो, आन् टेलला पाणी आणता आलं न्हाई. बाईमाणसाचं एकलीचं रान, त्ये बी वाळवलं म्या. कुठल्या तोंडानं माफी मागू?" आणि तो वाळलेला म्हातारा थरथरत खाली वाकला आणि तिच्या पायांकडे हात न्यायला लागला.

"आबा!" सुलक्षणा मागे सरली. तिनं त्यांचे दोन्ही हात धरले. ते हात काटकीसारखे हलके होते, आणि त्यांच्यावरच्या जखमांच्या खपल्या अजून पुरत्या वाळल्या नव्हत्या. ह्याच हातांनी तिला हे रान दिलं होतं. आता तेच हात तिच्यापुढे जोडलेले. काय सांगणार? की पाणी आहे, पण तुमच्या लेकानं आणि मी ते लपवून ठेवलंय?

त्यांना बांधावर बसवून ती हौदाकडे धावली. झुडपात हात घालताना मनगटाला काटे लागले, ते तिला कळलेही नाहीत. तिनं वरचा कॉक उघडला.

पाइप आधी खोकल्यासारखा आवाज करत राहिला आणि मग पाणी आलं. "आलं!" आबा ओरडले. "बाई, आलं बघा! टेलला आलं!" ते लगबगीनं उठले, पहिलं दार मोडलं, दुसरं धरलं. नव्या फुटव्याखालून पाणी चमकत निघालं, एका सरीतून दुसऱ्या सरीत, दुसरीतून तिसरीत. सुलक्षणा परत येऊन बांधावर बसली. एकेक रोप पाण्यात उभं राहताना ती बघत होती. शेवटची सरी भरली तेव्हा आबांनी वाहत्या पाण्यात हात धुतले आणि स्वतः होऊन म्हणाले, "आता भाकरी खातो." भाकरी त्यांनी सगळी खाल्ली. चटणीचं बोट चाटलं. वर ओंजळीनं पाणी प्यायले.

उठताना त्यांचा तोल गेला, आणि आधाराला म्हणून त्यांनी रोझमेरीची फांदी धरली. पानं मुठीत चुरगळली. त्यांनी मूठ उघडून पाहिली, नाकाशी नेली. एकदा, पुन्हा एकदा.

"सुलक्षणा?"

कित्येक महिन्यांत त्यांनी तिचं नाव घेतलं नव्हतं. ती उठून उभीच राहिली. "जी, आबा."

"ही तुझी रोजमेरी न्हवं का?"

"व्हय, आबा. माझीच."

त्यांनी सगळ्या पट्टीवरून नजर फिरवली. काळी पडलेली अर्धी, आणि पाण्यात उभी असलेली अर्धी. भुवया आक्रसल्या. "आन् हिच्यात पाणी कुनी सोडलं?"

सुलक्षणाच्या तोंडाशी खूप काही आलं. तिनं ते गिळलं. आजपुरतं खरं होतं तेवढंच ती बोलली. "मी सोडलं."

"तू?" आबांचा आवाज चढला, सभेत चढायचा तसा. "तूच म्हनली व्हतीस न्हवं, हिला पाणी चालत न्हाई म्हनून? सगळ्या गावाला मी सांगत सुटलो, आन् तूच सोडतीस व्हय? डोकं ठिकान्यावर हाय का तुझं? पळ आधी, बंद कर!"

ती पळाली. इतक्या आनंदानं शिव्या खाऊन ती कधीच पळाली नव्हती. कॉक बंद करून ती धापा टाकत आली तोवर आबांनी खालचा बांध फोडायला घेतला होता. "हितनं ओढ्याला काढून देऊ. मुळ्या कुजायच्या आत भाईर पडाय पायजे. घे फावडं, चर काढ." ती चर काढायला लागली. दोघं चिखलात गुडघ्यापर्यंत. आबा सांगत होते, इकडून उतार हाय, तिकडून न्हाई, जरा खोल घे, आणि सगळं बरोबर सांगत होते. पाणी वळलं, चरात शिरलं आणि ओढ्याकडे धावायला लागलं.

"अक्षदा कवा येनार हाय?" आबांनी विचारलं.

"येत्या सुट्टीला, आबा."

"तिला म्हनावं, ती बटाटी कर. देवळातली."

सुलक्षणा हसली आणि हसता हसता रडायला लागली. ईश्वर आत्ता इथे असायला हवा होता, असं तिला फार फार वाटलं. फोन घरात होता. आणायला जावं, तर तेवढ्यात आबा पुन्हा कुठे निघून गेले तर? ती हललीच नाही. तिनं भराभर फावडं मारलं. सऱ्या रिकाम्या होत होत्या, रोपांची बुडं दिसायला लागली होती. उद्या ऊन कडक पडलं तर वाचतीलही, कुणी सांगावं.

आबांचं फावडं थांबलं. ते चराकडे बघत होते. पाणी फुटलेल्या बांधातून ओढ्यात चाललं होतं.

"हे पाणी कुठं चाललंय?" ते म्हणाले.

"आबा, भाईर काढतोय न्हवं आपुन. तुम्हीच म्हनला की."

"टेलचं पाणी कुनी फोडलं?" त्यांनी फावडं टाकलं आणि चिखलात बसकण मारली. दोन्ही हातांनी माती ओढून ते चराच्या तोंडाशी लोटायला लागले. माती विरघळून जात होती, ते पुन्हा लोटत होते. "एवढ्या मुश्किलीनं आलेलं पाणी! कुनी फोडलं वो?"

"आबा. आबा, माझ्याकडं बघा. मी सुलक्षणा."

त्यांनी पाहिलं. मघाच्याच अदबीनं, मघाच्याच त्या परक्या डोळ्यांनी. "बाई, बघत काय उभ्या ऱ्हायलाय? तुमचंच रान हाय न्हवं? माती द्या, माती!"

चरातून पाणी जात होतं. आबांचे उघडे हात त्यात बुडलेले, सालपटं निघालेली बोटं बांध धरू बघणारी. सुलक्षणानं फावडं बाजूला ठेवलं, वाकून चिखलाचा एक गोळा उचलला आणि त्यांच्या हातात दिला.